नाथसागराचा रोहू आणि नाशिकची शेनिन

वेरूळ, दौलताबाद, मकबरा यांत दोन दिवस गेले. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला सांगायचंय ते तिसऱ्या रात्रीच्या जेवणाबद्दल.

मी नाशिकची. छत्रपती संभाजीनगरला मैत्रिणीकडे निघताना शेनिन ब्लां या व्हाइट वाइनची एक बाटली घेतली होती. पहिल्या रात्री तिथल्या एका हॉटेलात व्हाइट वाइन मागवली तर कोमट आली. साडेपाचशे रुपयांचा ग्लास! थंड हवी म्हटलं तर त्यात बर्फ टाकून दिला. फार राग आला. त्या ग्लासामागे कुणाचं तरी वर्ष गेलेलं असतं. द्राक्षवेलींची एप्रिलची खरड छाटणी, फळासाठी ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि मग कुठे जानेवारीपासून पुढे तोडा.

तिसऱ्या दिवशी पैठण. नाथांच्या समाधीपुढे डोकं टेकवलं, मग धरणावर गेलो. जायकवाडीचे २७ च्या २७ दरवाजे बंद होते. येताना नाथसागराचा, म्हणजे या धरणाच्या जलाशयातला, ताजा रोहू मासा घेतला. बाटली संभाजीनगरलाच ठेवली होती. नाथांच्या गावात ती नेणं माझ्या मनाला पटत नाही.

रात्री मैत्रिणीच्या आईने, काकूंनी, तुकड्यांना हळद, तिखट, मीठ लावलं, वर ज्वारीचं पीठ भुरभुरलं आणि तव्यावर खरपूस तळले. बाटली दुपारपासून फ्रीजमध्ये होती. काकू घेत नाहीत. मैत्रिणीच्या मोठ्या भावाने, दादांनी, ग्लास नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"मोसंबीची साल सोलल्यावानी वास येऊ राहिलाय."

बरोबर होतं ते. ही वाइन ओकच्या पिंपात ठेवत नाहीत. पिंपात व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास चढतो. ही स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात, म्हणून फळाचा वास आणि आंबटपणा स्वच्छ राहतो. शेनिन मूळची फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली. आमच्याकडे ती गोदावरीच्या खोऱ्यात रुजली.

दादांची मोसंबीची बाग होती, पैठणजवळ. २०१२-१३ च्या दुष्काळात वाळली. स्वतःच्या हाताने तोडली, म्हणाले. मग विचारलं, "तुमच्याकडं द्राक्षाला पाणी कधी लागतं जास्त?"

"ऑक्टोबरच्या छाटणीनंतर."

ते गप्प झाले. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या, नाशिककडच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीचं पाणीवाटपाचं सूत्र आमच्या दोघांच्याही घरात पाठ आहे. फक्त आमच्याकडे ते "पाणी चाललं" म्हणून बोललं जातं आणि त्यांच्याकडे "पाणी येत नाही" म्हणून. लहानपणापासून मी एकच बाजू ऐकली होती. त्या रात्री पहिल्यांदा मला लाज वाटली.

रोहूचा तुकडा, ज्वारीची भाकरी आणि वर एक घोट. आंबटपणाने तेल धुऊन निघतं, किंचित गोडव्याने तिखट मऊ होतं. इतकी चांगली जोडी मी नाशिकमध्येही खाल्ली नव्हती. येसर आमटीबरोबर मात्र ही वाइन पार हरवली, मसाल्यापुढे नुसती जळजळ उरली. नान खलियाबरोबर, म्हणजे तिथल्या मटणाच्या रश्शाबरोबरही नकोच, त्याला रेड हवी. धपाटे-दह्याशी छान जमेल असं वाटतं.

बाटलीत शेवटचा घोटभर उरला होता. दादांनी तो माझ्या ग्लासात ओतला आणि काकूंना हाक मारली, "आई, हिला डोक्याकडचा तुकडा दे."