कळलावीचे कंद मागणाऱ्यांसाठी

कळलावी फुलली की मला दोनच प्रश्न येतात. ‘कंद देशील का?’ आणि ‘औषधी असते ना?’ पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर पुरतं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून लिहून टाकते.

लावणं सोपं. बेचक्यासारख्या कंदाच्या टोकाला डोळा असतो. तो मोडला तर कंद कितीही जाडजूड असो, उगवत नाही. उन्हाळा सरताना भुसभुशीत मातीत पाचेक सेंटिमीटर खोल, आडवा ठेवायचा. पाणी साचलं की कुजतो. आधाराला सुतळी किंवा काटक्या द्या. ही पानांच्या टोकांनी विळखा घालत चढते आणि जाड बांबू त्या टोकांच्या कवेत मावत नाही. फूल आधी हिरवट, मग पिवळं-तांबडं, शेवटी लालबुंद. मागे उलटलेल्या त्या नागमोडी पाकळ्यांपुढे मला जास्वंदसुद्धा बाळबोध वाटते. असो.

आता औषधाचं. आयुर्वेदात हिला लांगली म्हणतात, पण गणना उपविषांत. शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करणारी प्रक्रिया, केल्याशिवाय वापर नाही. प्रसूती लवकर व्हावी म्हणून कंदाचा लेप लावण्याची जुनी रीत आहे. ती जुनीच राहू द्या. हिच्यातलं कोल्चिसिन हे द्रव्य गाऊटवर, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीवर, देतात आणि त्यासाठी तमिळनाडूत बियांकरता हिची शेती होते. पण गोळीत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तेच द्रव्य पेशींचं विभाजन थांबवतं. म्हणून विषबाधेत आधी आतडी, मग अस्थिमज्जा आणि केसांची मुळं त्याच्या तावडीत सापडतात. शिजवूनही विष जात नाही.

सगळी वेलच विषारी, तरी मला धास्ती फुलांची नाही, वेल सुकल्यानंतरच्या महिन्यांची आहे. वर काही दिसत नाही आणि खाली कंद असतो. उपटून पिशवीत ठेवला तर रताळं किंवा कोनफळ समजून कुणी चिरायचं. तसं घडून माणसं दगावली आहेत. मी कंद कुंडीतच कोरडे ठेवते, वर पाटी लावून. हाताळताना हातमोजे.

चुकून कुणाच्या पोटात गेलाच तर उलट्या होण्याची वाट पाहू नका, लक्षणं दिसायला काही तास लागू शकतात. उरलेला तुकडा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठा.

कंद हवे असतील त्यांनी वेल सुकल्यावर सांगावं. घरात रांगतं मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल तर मात्र देणार नाही, रुसलात तरी चालेल.