भागीरथीतले ८१ किलोमीटर: लेक पाण्यात, मी नावेत

८१ किलोमीटर पोहायला दम किती लागतो ते माझ्या लेकीला विचारा. पोट किती लागतं ते मात्र माझ्याकडून ऐका, कारण तो विभाग माझा होता. मला स्वतःला पोहता येत नाही. तरी नावेत मी बसले, कारण आमच्या ह्यांना पाणी बघूनच गरगरतं आणि लेकीच्या सरांना त्या दिवशी त्यांच्या दुसऱ्या एका पोराच्या नावेत बसायचं होतं.

स्पर्धा पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातली, गंगेच्या भागीरथी नावाच्या फाट्यातली. पावसाळा सरत आला की होते. जंगीपूरकडच्या अहिरन घाटावर पाण्यात उतरायचं आणि बहरामपूरच्या गोराबाजार घाटावर बाहेर यायचं. जगातली सर्वांत लांब जलतरण स्पर्धा अशी तिची ओळख आहे. तिच्याच जोडीला जियागंज ते गोराबाजार अशी १९ किलोमीटरचीही असते. लेकीची १९ आधी झाली होती, सरांसोबत. आता ८१ म्हटल्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या, "काहून वो, नागपुरात पाणी नाही का पोहायले?"

प्रश्न काही चूक नव्हता. शहराला जिच्यावरून नाव मिळालं ती नाग नदी सांडपाणी वाहते. मध्यंतरी तिच्यात मगर दिसली तेव्हा लोकांना नवल वाटलं ते एवढ्याचंच, की मगर त्या पाण्यात जगली कशी. कन्हान उन्हाळ्यात बघायला जावं तर वाळूच जास्त. म्हणून नागपूरचा नदीत पोहणारा माणूस रोज तरण तलावाच्या टाइल्स मोजतो, जलपर्णीने जागा दिली तर अंबाझरीत उतरतो आणि रविवारी रामटेकजवळच्या खिंडसीला जातो. सगळीकडे पाणी उभंच. वाहत्या पाण्याची ओढ अंगाला कळावी अशी जागा जवळपास नाहीच.

आणि या स्पर्धेत अर्धं काम ओढच करते. लेक उभ्या पाण्यात तासाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. त्या हिशेबाने ८१ किलोमीटरला जवळजवळ अख्खा दिवस आणि अख्खी रात्र जायची. पण इथे पुढचे पोहणारे दहा-बारा तासांत घाट गाठतात. कोलकाता बंदर गाळाने भरू नये म्हणून फरक्का बॅरेजवरून ३८ किलोमीटरच्या कालव्याने गंगेचं पाणी भागीरथीत सोडतात, १९७५ पासून. त्यात वरून पावसाळ्याचं पाणी. म्हणजे पोरीने हात मारत राहायचं, धारेत राहायचं आणि ते दहा-बारा तास इंजिन बंद पडू द्यायचं नाही. इंजिन म्हणजे पोट.

सरांनी हिशेब दिला होता: तासाला साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदकं, दर अर्ध्या तासाला थोडी थोडी, पातळ. कागदावर सोपं दिसतं. पण तासन्‌तास पोहताना रक्त खांद्यांकडे धावतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, अंग आडवं असतं आणि नदीचं पाणी थोडंफार पोटात जातंच. मग घेतलेला घोट वर यायला वेळ लागत नाही. म्हणून खांद्यांसारखी पोटालाही सवय लावावी लागते, आणि ती महिनोन्‌महिने लागते.

माझी एक वही आहे. तिच्यात काय दिलं, किती दिलं आणि काय झालं एवढंच. केळं कुस्करून दिलं, चाललं. खजूर दिला, चावण्यात वेळ गेला, बाद. मॉल्टोडेक्स्ट्रिनची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या कर्बोदकांची पावडर चालली, पण तिच्यात लिंबू पिळलं की छातीत जळजळ. गूळ घातलेली साबुदाण्याची पेज पहिले काही तास उत्तम, पुढे तिचं नाव काढलं तरी पोरीचं तोंड वाकडं. गोडाचा कंटाळा हा या पोहण्यातला मोठा शत्रू आहे, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चार-पाच तासांनी जीभ गोड म्हणजे नकोच म्हणते. तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि मिठाची भाताची पेज कामाला येते. ओळखीचे सगळे विचारायचे, "नागपूरची पोरगी, संत्र्याचा रस नाही देत का?" अहो, ऑगस्टमध्ये संत्री कुठली? आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो. आणि आली असती तरी ती आंबट धार रिकाम्या पोटात कोण घालणार!

द्यायचं कसं, हाही एक प्रश्न. पोहणाऱ्याने नावेला हात लावला की तो बाद. म्हणून नाव हातभर लांब ठेवून काठीच्या टोकाने द्यावं लागतं. आमच्याकडे आंबे उतरवायचा जुना झेला होता. ह्यांनी त्याची जाळी काढून तिथे सीताबर्डीवरून आणलेलं सायकलचं बाटली अडकवायचं हुक बसवलं. बाटलीला लांब दोरी, म्हणजे पिऊन झाल्यावर तिने सोडून द्यायची आणि मी ओढून घ्यायची. खिंडसीला बोटवाल्याला विनंती करून आम्ही हे पुन्हा पुन्हा करून बघितलं. लेक पाठीवर वळते, बाटली घेते, पाय हलत असतात, पिते, सोडते, पुन्हा पालथी. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत व्हायला पाहिजे. सुरुवातीला माझाच हात थरथरायचा, आणि झेल्याची काठी ओली झाली की जडही होते.

त्या वर्षात नातेवाइकांनी जे ऐकवलं ते थोडक्यात सांगते. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याच्या अंगावर थोडी चरबी असावी लागते, त्यामुळे "पोरगी सुटली". उन्हात पोहते, त्यामुळे "काळी पडली". खांदे रुंद झाले, त्यामुळे ब्लाउज शिवणाऱ्या बाईने दर वाढवला. स्थळं आणणाऱ्या एका आत्याबाईंनी फोटोत ओढणी खांद्यावरून घ्यायला सांगितली. लेक हसली. मी हसले नाही.

उन्हाचं मात्र झालं ते बरंच झालं. इंग्लिश खाडी पोहणारे थंडीची तयारी करतात, तिथलं पाणी पंधरा ते अठरा अंशांचं. भागीरथीचं पाणी पावसाळ्यात कोमट असतं आणि वर बंगालचं दमट ऊन. खुल्या पाण्यातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये पाणी ३१ अंशांच्या वर गेलं तर स्पर्धा घेत नाहीत, कारण कोमट पाण्यात अंगातली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही. नागपूरच्या मे महिन्यात वाढलेल्या पोरीला याची निदान ओळख होती.

कागदपत्रांचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ज, वयाचा दाखला, आधीच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं. डॉक्टरी दाखल्यासाठी धंतोलीत गेलो, ईसीजी झाला, ट्रेडमिलवर पळवलं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "आठ की ऐंशी?" मग तारखेचा प्रश्न निघाला. लेकीची पाळी नेमकी त्याच आठवड्यात येत होती. गोळी घेऊन पुढे ढकलता येते. पण आधी न घेतलेली गोळी ऐन वेळी घ्यायची नाही, असं तिनेच ठरवलं आणि पाळीत वापरायच्या कपची सवय करून घेतली. मुलींच्या आयांना हे माहीत असावं म्हणून लिहिते. सरांना या विषयावर बोलता आलं नसतं.

गीतांजलीने हावडा, तिथून सियालदह, आणि सियालदहहून योगायोगाने भागीरथी नावाचीच एक्सप्रेस. बहरामपूरला जिथे उतरलो त्या घरातल्या आजींना नागपूर म्हटल्यावर आधी कळेना. मग त्यांच्या नातवाने सांगितलं, "भोसलेंचं नागपूर." आजींनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "बर्गी!" बर्गी म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार. रघुजी भोसल्यांच्या फौजा इथे १७४१ पासून दहा वर्षं येत राहिल्या. तिकडे अजून पोरांना झोपवताना बर्गी येतील म्हणून भीती घालतात. आपल्याकडे तो पराक्रम, त्यांच्याकडे तो बागुलबुवा. याच बहरामपूरजवळ मानकरा इथे बंगालचा नवाब अलिवर्दी खान याने रघुजींचे सेनापती भास्करपंत यांना १७४४ मध्ये बोलणीला बोलावून मारलं, हे मला शाळेत शिकवलेलं आठवत नाही. आजींनी लेकीला मात्र पोटभर माशाचं कालवण खायचा आग्रह केला. मी हात जोडले. स्पर्धेच्या आधी नवीन काही पोटात जायचं नाही, माझ्या वहीतला पहिला नियम.

पहाटे अंधारातच घाटावर होतो. बगलेत, मानेवर, पोहण्याच्या कपड्याच्या प्रत्येक शिवणीवर व्हॅसलीन, अगदी थापून. जिथे राहून गेलं तिथे संध्याकाळी सालपटं निघतात. नावेत नावाडी, स्पर्धेचे निरीक्षक आणि मी, अंगात नारिंगी जॅकेट. नावाडी वयस्कर, बोलणं कमी. मी लेकीकडे बघत होते, तो पाण्याकडे. वळणावर धार बाहेरच्या काठाला जाते, आतल्या बाजूला उथळ आणि संथ. तो नाव आधीच धारेकडे वळवायचा, लेक नावेच्या मागे. काठाकाठाने जवळचा रस्ता दिसला म्हणून मी एकदा बोट दाखवलं. "दीदी, उधर पानी सोया है," एवढंच म्हणाला.

माझं काम हात मोजायचं. मिनिटाला तिचे बासष्ट-त्रेसष्ट हात पडत होते. हात कमी झाले की काहीतरी बिनसलं, हे चेहऱ्यावर दिसायच्या आधी घड्याळावर दिसतं. दुसरं काम, दर तासाला ओरडून विचारायचं, "झाली का गं?" पाणी पितेय आणि लघवी होत नाही, तर ती काळजीची गोष्ट. निरीक्षक मराठी समजत नव्हते. पण तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुसरीकडे बघू लागले.

अर्धी वाट झाली असेल-नसेल, हात अठ्ठावन्नवर आले. पुढच्या बाटलीला तिने दोन घोट घेतले आणि सगळं ओकून टाकलं. पुन्हा पावडर दिली, पुन्हा तेच. चेहरा पाण्याला लावलेला, शब्द नाही. नावाड्याने डबा पुढे केला, त्यात त्याचा पाण्यातला शिळा भात, वर कांदा-मिरची. म्हणाला, यातलं पाणी द्या, पोट बसतं. खरं सांगते, मोह झाला. पण वहीतला नियम तो नियम. मी गोड सगळं बंद केलं. एक वेळ नुसतं पाणी, एका घोटाचं. पुढच्या वेळी थर्मासमधली मिठाची भाताची पेज, तीही दोनच घोट. खिंडसीत उन्हाने पोट बिघडलं होतं तेव्हा हीच टिकली होती. निरीक्षक विचारत होते, पोरीला बाहेर काढायचं का. मी म्हटलं, अर्धा तास द्या. त्या अर्ध्या तासात मी हात मोजले आणि दुसरं काही केलं नाही. अठ्ठावन्न. अठ्ठावन्न. साठ. मग तिने पाठीवर वळून विचारलं, "आई, बटाटा आहे का?"

जियागंजच्या पुढे डाव्या काठाला हजारदुआरी दिसली, पिवळा भव्य राजवाडा. हजार दारं म्हणतात, त्यातली शंभर खोटी. लेकीला त्यातलं काही दिसलं नाही. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, घाट भरलेले, पोरं ओरडत काठाकाठाने पळतात. ओळखदेख नाही, पण नावेवरचा नंबर बघून "दीदी, दीदी" करतात.

शेवटचा भाग मला सर्वांत कठीण वाटला. गोराबाजार डाव्या हाताला, धार आपल्याच नादात पुढे. घाट समोर आल्यावर वळलं तर घाट मागे पडतो आणि पाण्याच्या उलट कोणी येत नाही. नावाड्याने फार आधीपासून नाव तिरकी घ्यायला सुरुवात केली. लेकीला वाटलं तो चुकतोय. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी झेल्याच्या काठीने त्याच्याच दिशेला दाखवलं. बारा तासांना थोडं वर लागलं. नंबर मधलाच आला.

बाहेर काढल्यावर तिची जीभ सुजलेली होती, समुद्रातल्यासारखी मिठाने नाही, दिवसभर तोंडात नदी असल्याने. मानेवर एक पट्टा सोलवटलेला, तिथे व्हॅसलीन पुसलं गेलं असावं. रात्री तिने आजींचं माशाचं कालवण खाल्लं, आणि पुन्हा मागून घेतलं.

विदर्भातून कोणी लेकराला घेऊन जाणार असेल तर दोन-तीन गोष्टी. थर्मास दोन न्या, एक गरम पाण्याचा. मीठ वेगळ्या डबीत ठेवा, पेजेत आधी घालून ठेवू नका. बाटलीची दोरी सुती नको, नायलॉनची घ्या. सुती भिजली की फुगते, गाठ सुटत नाही. आणि नावाड्याची आदल्या दिवशीच गाठ घ्या, त्याला चहा पाजा, आपलं पोरगं किती हात मारतं आणि कुठल्या बाजूला श्वास घेतं ते सांगा. आमची उजवीकडून घेते, म्हणून नाव उजवीकडे ठेवली. झेला परत नेताना गाडीत टीसीने विचारलं हे काय आहे. ह्यांनी सांगितलं, आंबे उतरवायचा. सप्टेंबरमध्ये आंबे?