प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये अडकतो तेव्हा

मी एरोस्पेस अभियंता आहे. विमानाच्या पंखावर उड्डाणात किती भार येतो आणि तो सांध्यांमधून धडाकडे कसा जातो, याचे गणित मांडण्यात माझा दिवस जातो. सुट्टीत गावाकडच्या शाळांमध्ये मुलींशी बोलायला जाते, तेव्हा क्षेपणास्त्र शास्त्रज्ञ टेसी थॉमस यांच्याविषयी आवर्जून सांगते. त्यांनी शैक्षणिक कर्ज काढून त्रिशूरच्या सरकारी महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतली, पुण्यात क्षेपणास्त्रांच्या विषयात एम. टेक. केले, १९८८ मध्ये त्या डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेत रुजू झाल्या आणि पुढे अग्नी-४ व अग्नी-५ या क्षेपणास्त्रांच्या प्रकल्प संचालक झाल्या. यातली कर्जाची गोष्ट मुलींपेक्षा त्यांच्या आईवडिलांना अधिक जवळची वाटते, कारण घराघरांत गाडी फीपाशीच अडते.

माझ्या भाचीला एरोनॉटिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा मी तिला एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, प्रगती शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायला लावले. पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींसाठी ही शिष्यवृत्ती आहे; वर्षाला ५०,००० रुपये मिळतात, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते आणि एका घरातल्या दोन मुलींपर्यंत लाभ घेता येतो. उत्पन्नाचा दाखला आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची नोंदणी विनासायास झाली.

त्यानंतर अर्ज कॉलेजच्या पडताळणीत अडकला. पोर्टलवर रोज तीच स्थिती दिसे : संस्थेकडे प्रलंबित. शिष्यवृत्ती विभागातले लिपिक म्हणत, "होईल मॅडम, सरांनी बघितलं की होईल." कोणते सर, हे मात्र कोणी सांगेना. अखेर भाचीबरोबर मी स्वतः गेले आणि त्यांच्याच संगणकासमोर बसून लॉगिन उघडायला लावले, तेव्हा ओटीपी वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या प्राध्यापकांच्या मोबाइलवर जात असल्याचे उघड झाले. म्हणजे त्या कॉलेजातल्या एकाही मुलीचा अर्ज पुढे सरकत नव्हता आणि ते तिथे कोणाच्या गावीही नव्हते. संस्थेने मुदतीत पडताळणी केली नाही तर अर्ज तिथेच बाद होतो. मुलीने सगळे वेळेत आणि अचूक भरूनही. त्यावर ते लिपिक म्हणाले, "विमानाच्या शाखेत मुलींना नोकऱ्या तरी कुठे आहेत?" मी माझे ओळखपत्र टेबलावर ठेवले आणि प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला. त्याची पोच शिक्क्यासह घेतली. त्या शिक्क्यानेच काम हलले, असे माझे ठाम मत आहे. नव्या नोडल अधिकाऱ्याची, म्हणजे कॉलेजतर्फे पोर्टलवर अर्ज पडताळणाऱ्याची, नोंद वरून मंजूर होईपर्यंत मुदत अगदी जवळ आली होती, पण सगळ्या मुलींचे अर्ज पुढे गेले. इतका आनंद मला स्वतःच्या बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

म्हणून प्रवेश झाल्याबरोबर कॉलेजात नोडल अधिकारी कोण आहेत आणि त्यांचे लॉगिन चालू आहे का, हे आधी विचारावे. अर्ज नंतर भरला तरी चालेल. आणखी एक राहिले : रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होते, त्यामुळे खाते मुलीच्याच नावाचे असावे आणि आधारची जोडणी झाली आहे का, याची बँकेत जाऊन खात्री करून घ्यावी. दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसेल, तर ती दुरुस्ती बारावीच्या सुट्टीतच उरकावी. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो आणि तोही याच टेबलावरून पुढे जातो, तेव्हा पोचपावती जपून ठेवावी.