मुंबईत बाहेर खायचं तर आधी वार बघा

मुंबईत कुठे खावं याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. तरीही यादी घेऊन निघालेली माणसं हिरमुसून परत येतात, कारण जागा बरोबर असते आणि वेळ चुकलेली असते. सोमवारी माटुंग्याला जायचं, गुरुवारी मालवणी मासे शोधायचे, जुलैत ताज्या सुरमईचा हट्ट धरायचा, यात हाती काही लागत नाही. म्हणून इथे नावाबरोबर वार आणि वेळही दिली आहे.

सुरुवात दादरपासून. शिवाजी पार्कचं प्रकाश आणि शिवसेना भवनासमोरचं आस्वाद ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण साबुदाणा वडा खायचा तर मुद्दाम उपासाच्या दिवशी जावं. संकष्टी, एकादशी, नाहीतर साधा गुरुवार. गर्दी असते, पण त्या दिवशी घाण्यामागून घाणा निघत असतो आणि वडा कढईतून थेट ताटलीत येतो. फोडल्यावर आतला साबुदाणा मऊ आणि पारदर्शक दिसला पाहिजे. दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका दिसला तर तो नीट भिजलेला नाही. बोटं तेलकट झाली तर तेल पुरेसं तापायच्या आधीच वडा सोडला होता. सोबत पियुष घ्यायचं तर दोघांत एक पुरतं. श्रीखंड आणि ताकाचं ते पेय पोट भरतं आणि मग थालीपीठ तसंच राहतं. मिसळीला कोल्हापूरच्या तिखटाची अपेक्षा ठेवू नका, दादर-गिरगावकडची मिसळ सौम्य असते. रस्सा वेगळ्या वाटीत मागा, म्हणजे फरसाण शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहतं.

बटाटावड्याला मामा काणे आहेत, १९१० पासून, दादर पश्चिमेला स्टेशनच्या अगदी जवळ. वडापावही दादरचाच, अशोक वैद्य यांनी १९६६ मध्ये दादर स्टेशनबाहेर तो विकायला सुरुवात केली असं मानलं जातं. कीर्ती कॉलेजजवळच्या गाडीवर वड्यासोबत पिठाचा कुरकुरीत चुराही पावात घालून मिळतो, तो नक्की मागा. वडापावची खरी वेळ संध्याकाळी पाच ते सात. तेव्हा गिऱ्हाईक थांबत नाही, त्यामुळे वडा परातीत पडून गार होत नाही.

माटुंग्याला जाताना पहिली चूक स्टेशनाचीच होते. माटुंगा मध्य रेल्वेवर आहे आणि माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. खायच्या जागा मध्य रेल्वेच्या पूर्वेला. कॅफे मद्रास (१९४०) आणि स्टेशनाजवळचं रामा नायक यांचं उडुपी (१९४२) दोन्ही सोमवारी बंद असतात. सोमवारीच जाणं झालं तर स्टेशनलगतचं राम आश्रय गाठा. तिथे पदार्थ फळ्यावर लिहिलेले असतात आणि शिऱ्याचा स्वाद रोज बदलतो. अननसाचा असेल त्या दिवशी सोडू नका. कॅफे मद्रासला रविवारी सकाळी नऊनंतर गेलात तर तासभर उभं राहायची तयारी ठेवा. मधल्या वारी सकाळी आठच्या आत बहुधा लगेच जागा मिळते. अनोळखी माणसांबरोबर एका टेबलावर बसवतात, त्यात संकोच करायचा नाही. रसम वडा आणि पोडी इडली आधी सांगा, डोसा नंतर. एकदम सांगितलं तर सगळं एकदमच येतं आणि डोसा मऊ पडतो. रामा नायककडे केळीच्या पानावरचं जेवण घ्यायचं असेल तर मधे काही न खाता थेट दुपारी जावं, पान हवं तेवढं वाढून मिळतं.

आता मासे. इथे वार, वेळ आणि महिना, तिन्ही बघावे लागतात. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ताटातली सुरमई किंवा पापलेट बहुतेक वेळा बर्फातलं असतं. ते खाण्यात वावगं काही नाही, पण तळल्यावर मांसाचे लुसलुशीत पापुद्रे सुटण्याऐवजी ते कोरडं होऊन कुसकरतं. तेव्हा सुक्या बोंबलाचं कालवण, जवळा किंवा खाडीतल्या चिंबोऱ्या घ्या; पावसाळ्यात मालवणी घरांतही हेच शिजतं. पुढे श्रावणात बरेच जण मासे खात नाहीत, म्हणून मासे खाणाऱ्याला जागा पटकन मिळते. वांद्रे पूर्वेचं हायवे गोमांतक गुरुवारी बंद असतं. दादरला सिंधुदुर्ग, गोमांतक, चैतन्य हे पर्याय आहेत.

मासे खायला दुपारी सव्वाबाराला टेबलावर असावं. दोननंतर चांगल्या तुकड्या संपलेल्या असतात. ताटातली सुरमई मधल्या भागाची हवी असं आधीच सांगा, शेपटीकडची तुकडी बारीक असते आणि तव्यावर लवकर सुकते. अख्ख्या पापलेटाचा भाव कार्डावर नसेल आणि 'साइजप्रमाणे' लिहिलं असेल तर आधी मासा बघायचा, किंमत विचारायची, मगच होकार द्यायचा. यात लाजण्यासारखं काही नाही, वेटरलाही त्याची सवय असते.

बोंबील फ्रायचं तंत्र वेगळं. बोंबलात पाणी फार असतं. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून पाणी काढतात, मग मसाला लावून रव्यात घोळवतात. तरीही तव्यावरून उतरल्यावर आतलं उरलेलं पाणी रव्यात मुरतं आणि पाच मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. म्हणून बोंबील ताटाबरोबर मागवू नका. आधी वडे, कालवण, भात येऊ दे, मग बोंबील सांगा आणि आला की बाकी सगळं बाजूला ठेवून तोच संपवा. सोलकढी शेवटी घ्या. वाटीत वर नारळाचा जाड थर आणि खाली गुलाबी पाणी असं दिसलं तर ती बराच वेळ नुसती उभी आहे, ढवळून आणायला सांगा. तिसऱ्यांमध्ये न उघडलेली शिंपली असेल तर ती बाजूला काढायची, जोर लावून उघडायची नाही.

फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट म्हणजे कचेऱ्यांचा भाग, त्यामुळे तिथली खाण्याची वेळ कामाच्या दिवसाची दुपार. रविवारी कितीतरी शटर खाली असतात. १९२३ चं ब्रिटानिया दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, संध्याकाळच्या भरवशावर जाऊ नका. बेरी पुलाव मोठा येतो, दोघांना एक पुरतो. त्यावरची आंबट लाल बेरी इराणची. ती वर विखुरलेली असते, ती खाली भातात मिसळून घेतली तरच प्रत्येक घासाला लागते. नंतर कॅरमल कस्टर्ड. धोबी तलावाला, मेट्रो सिनेमासमोर, १९०४ चं कयानी आहे. तिथे सकाळी जा. बन मस्का मऊ असतो, ब्रून मस्का कडक, आणि ब्रून चहात बुडवल्याशिवाय खाऊ नये, टाळू सोलवटून निघतो. सुटे पैसे जवळ ठेवा.

ताडदेवचं स्वाती स्नॅक्स (१९६३) पानकीसाठी. केळीच्या पानांत वाफवलेली ही पातळ पोळी गरम असतानाच पानापासून अलगद सुटते, गार झाली की चिकटते. ताडदेवलाच सरदारची पावभाजी आहे. लोणी कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, भाजी ताटलीत आल्यावर काही करता येत नाही.

मोहम्मद अली रोडला रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत जायचं असेल तर इफ्तारनंतर तासाभराने निघा. रोजा सोडण्याच्या वेळी दुकानदारही जेवत असतात, त्यांना सवड द्यावी. शनिवार-रविवार टाळा, ईदच्या आधीचे दोन-तीन दिवस तर नक्कीच. गाडी नेऊ नका, मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्टेशनावरून चालत जा. मालपोवा अंड्याचा आणि तुपकट असतो, चौघांत एक मागवा. फिरनी मातीच्या कसोऱ्यातलीच घ्या, कारण माती पाणी शोषते आणि फिरनी घट्ट होते.