मस्जिद बंदरची जुनी मशीद

रविवार, रात्री

हार्बरने जाता-येता मस्जिद स्टेशन कितीदा मागे पडलं असेल. त्याचं नाव ज्या इमारतीवरून पडलं असं सांगतात, ती आज आतून पाहिली. सॅम्युएल स्ट्रीटवरचं शार हारहमीम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, त्यांच्यातल्या जुन्या माणसांची ही ‘जुनी मशीद’. रविवार म्हणून निम्मे गाळे बंद, तरी हातगाड्या चुकवतच जावं लागलं. एकेकाळी हा इस्रायल मोहल्ला होता. आता सगळा घाऊक बाजार. माणसं कधीच ठाण्याला, नाहीतर थेट इस्रायलला गेली.

दारावर पोलीस, ओळखपत्र, वहीत नाव. 2008 च्या हल्ल्यानंतर हे आलंच.

आत मधोमध कठडा घातलेला चौथरा, त्याला तेवा म्हणतात. समोर हेखाल, म्हणजे तोराच्या, ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवायचं कपाट. एलियाहू हन्नबी या प्रेषिताची खुर्ची वेगळी. सुंतेच्या वेळी बाळाला आधी तिच्यावर ठेवतात. बायकांची जागा वर सज्जात. मीही मुकाट वर जाऊन बसले. खरं सांगायचं तर तिथूनच सगळं नीट दिसतं.

दाखवायला एक काका होते. पहिला प्रश्न त्यांचाच: “तुमचं गाव कोणतं?” त्यांचं पेण. मग दिवेकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर अशी आडनावांवरून रायगडची सगळी गावं फिरून झाली. हे सिनेगॉग 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी स्थापन केलं. आत्ताच्या जागी ते 1860 मध्ये आलं. दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने “ही तर कुराणातली बनी इस्राईल, यांना मारू नकोस” म्हणून वाचवलं, असं सांगतात. सुटलो तर देवाचं घर बांधीन, हा त्यांचा नवस. पुढे तोरा आणायला कोचीला गेले आणि तिथेच वारले म्हणे.

ज्यू म्हटलं की माझ्या डोक्यात जर्मनी आणि छळछावण्याच येतात, कारण शाळेत तेवढंच शिकवलं. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक, यांच्यावर पाठ्यपुस्तकात एक ओळ वाचल्याचं आठवत नाही. राग आला थोडा.

इथून त्यांना कुणी हाकललं नाही. 1948 नंतर आपणहून गेले. आणि तिकडे ‘तुम्ही खरे ज्यू का?’ हा वाद 1964 पर्यंत चालला! लोद, डिमोना, अश्दोदला घरात अजून मराठी ऐकू येतं. मोहल्ला असा रिकामा झाल्याचं वाईट वाटतं का, असं काकांना विचारलं. म्हणाले, “अहो, पोरं शिकली की गिरगावात तरी कोण राहिलंय?”

यावर काय बोलणार? मी मलिद्याकडे वळले. नवस फेडताना, लग्नाआधी एलियाहू हन्नबीच्या नावाने करतात तो. पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, सुका मेवा, वर फळं. हे तर आमच्याकडच्या दडप्यांचं गोड भावंड! पोहे जाडे की पातळ, एवढंच विचारलं. काका म्हणाले जाडे. मागच्या बाकावरून काकू म्हणाल्या, “यांना काय माहीत? पातळ. आणि साखर नाही, गूळ.” “आईकडे साखरच असायची,” काका. “तुमच्या आईकडे!” काकू.

मी निघाले तेव्हाही गूळ-साखरेचा निकाल लागला नव्हता.