वाक्याच्या तोंडाशी काय ठेवावे

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे आपण शाळेत शिकतो आणि नंतर त्याचा विचार करणे सोडून देतो. कोणी काय केले, केले की करायचे राहिले, करावे की करू नये, हे सगळे वाक्य संपल्यावर कळते. ‘नाही’ हा शब्दसुद्धा बहुधा अगदी टोकाला येतो. वाचणाऱ्याला तोवर थांबावेच लागते, आणि तो किती धीराने थांबेल हे वाक्याच्या पहिल्या तीन-चार शब्दांत त्याच्या हाती काय लागले यावर ठरते. मुंबईतल्या एका कार्यालयात मराठी पत्रांचे आणि अहवालांचे मसुदे तपासण्याचे काम मी करते. मसुद्यात शुद्धलेखनाच्या चुका असतात आणि त्या पटकन दुरुस्तही होतात. वेळ जातो तो वाक्यांची तोंडे फिरवण्यात.

उदाहरण कार्यालयातले न घेता आमच्या गृहनिर्माण संस्थेतले घेते, कारण तशी सूचना बहुतेकांनी लिफ्टशेजारच्या फलकावर पाहिलेली असते. “सर्व सन्माननीय सभासदांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, व्यवस्थापन समितीच्या मागील सभेत सर्वानुमते संमत झालेल्या ठरावास अनुसरून संस्थेच्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीची साफसफाई करण्याचे योजिले असल्याकारणाने येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील.” व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यात काही खोट नाही. मात्र ऑफिसला निघालेला माणूस लिफ्टची वाट पाहत ते वाचतो, ‘ठरावास अनुसरून’पर्यंत पोहोचेपर्यंत लिफ्ट येते आणि रविवारी सकाळी तोंडाला साबण लावल्यावर त्याला उरलेले अर्धे वाक्य कळते.

तोच मजकूर असा लिहिता येतो: “येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद राहील. त्या वेळेत गच्चीवरील टाकी धुतली जाणार आहे. हे काम व्यवस्थापन समितीच्या ठरावानुसार होत आहे.” वाक्ये आखूड झाली, हा यातला गौण भाग आहे. पहिल्या वाक्याने वेळ सांगितली आणि दुसरे ‘त्या वेळेत’ म्हणून तिथूनच उचलले. दुसऱ्याने काम सांगितले आणि तिसरे ‘हे काम’ म्हणून पुढे निघाले. वाचणाऱ्याला आधीच माहीत असलेली किंवा नुकतीच कळलेली गोष्ट तोंडाशी आणि नवी गोष्ट क्रियापदाच्या जवळ, एवढी मांडणी सांभाळली की लांब वाक्यसुद्धा दमवत नाही.

ही मांडणी करण्याची मोकळीक मराठीत भरपूर आहे, कारण कोण कर्ता आणि कोण कर्म हे जागेवरून न ठरता विभक्तीच्या प्रत्ययांवरून ठरते. “समितीने सचिवांना पत्र दिले”, “सचिवांना समितीने पत्र दिले”, “पत्र समितीने सचिवांना दिले”, या तिन्ही वाक्यांत घटना एकच आहे. फरक आहे तो बोलणे कशाबद्दल चालले आहे याचा. तिसरे वाक्य त्या माणसासाठी आहे, जो पत्राचे पुढे काय झाले असे विचारत आहे. “रविवारी पाणी येणार नाही” आणि “पाणी रविवारी येणार नाही” यांतही असाच सूक्ष्म भेद आहे. पहिले वाक्य रविवारची बातमी देते. दुसरे पाण्याच्या चौकशीला उत्तर देते, आणि त्यातला ‘रविवारी’ क्रियापदाच्या अंगाशी आल्यामुळे जोर त्याच्यावर पडतो. इतर दिवशी पाणी येईल, हे न लिहिता सुचवले जाते. बोलताना हा भेद आपण आवाजाने सहज करतो. कागदावर आवाज नसल्यामुळे तो क्रमाने करावा लागतो.

जुन्या मराठी पत्रलेखकांना ही जाण पक्की होती, कारण त्यांच्याकडे दुसरे साधनच नव्हते. मोडी पत्रात आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, अशी रीत होती. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती आणि पूर्णविरामही नव्हता. अशा सलग मजकुरात एक म्हणणे संपून दुसरे कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याने ओळखायचे ते ‘त्यास’, ‘ऐशास’, ‘तरी’, ‘विशेष’ अशा ठरलेल्या शब्दांवरून. आज आपल्याला हे शब्द नुसते अलंकारिक वाटतात, पण त्या पत्रांत ते वाक्याचा उंबरठा दाखवण्याचे काम करत असत. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत जे राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे जुनी मोडी कागदपत्रे आहेत. मोडी येणाऱ्या कोणाच्या शेजारी बसून एक पत्र वाचून घेतले, तर हे लगेच ध्यानात येते.

छापील मराठी गद्य मुंबईत वाढले ते इंग्रजीच्या शेजारी बसून, आणि हे अक्षरशः खरे आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी येथे ‘दर्पण’ सुरू केले, त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये विरामचिन्हांची परिभाषा मराठीत मांडली आणि पूर्णविराम, स्वल्पविराम आपल्या अंगवळणी पडले. वाक्य कुठे संपते, हे त्यामुळे डोळ्यांना दिसू लागले. सुरुवात मात्र अजूनही दिसत नाही, कारण रोमन लिपीत वाक्याचे पहिले अक्षर मोठे असते तशी सोय देवनागरीत नाही. ठिपका लहान आहे, घाईत तो सुटतो, आणि तेव्हा पहिल्या शब्दावरच भिस्त राहते.

आता कार्यालयीन पत्राकडे येते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानंतर सरकारी व्यवहार मराठीत आणण्याचे जे मोठे काम झाले, त्यात पत्राचा साचाही पक्का झाला. वर ‘विषय’, त्याखाली ‘संदर्भ’, मग ‘महोदय’ आणि मग मजकूर. हा साचा मला आवडतो. तीन वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या कारकुनाला पहिल्या दोन ओळींत सगळा पत्ता लागतो. पण विषय आणि संदर्भ इतक्या ठळकपणे लिहून झाल्यावर मजकुराचे पहिले वाक्य पुन्हा “उपरोक्त विषयास व संदर्भाधीन पत्रास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की” असे का सुरू व्हावे, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. ‘सदर’ या शब्दाचेही तेच. “सदर इसमाने सदर अर्ज सदर कार्यालयात” असे वाचले की मला ‘हा’, ‘तो’, ‘या’ या बिचाऱ्या सर्वनामांची दया येते.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीचे पत्र मी असेच उघडे केले. “बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत जोडलेला नकाशा अपुरा आहे” हे तिचे चौथ्या ओळीतले वाक्य उचलून पहिल्या ओळीत आणले आणि आधीची प्रस्तावना काढून टाकली. तिने विचारले, “मॅडम, एकदम असं सुरू केलं तर उद्धट नाही वाटणार?” मी म्हटले, “अगं, शेवट वाच ना.” तिच्या पत्राचा शेवट “सुधारित नकाशा १५ दिवसांत सादर करावा, ही विनंती” असा होता. मराठीत अदब राहते ती मुख्यत्वे क्रियापदात, म्हणजे शेवटी: ‘सादर करा’, ‘सादर करावा’, ‘सादर करावा ही विनंती’, ‘सादर केल्यास बरे होईल’ या पायऱ्या आपल्याकडे तयार आहेत. त्यामुळे सुरुवातीला नम्रतेचा थर चढवण्याची गरज फार कमी वेळा पडते. अपवाद आहेत. सांत्वनाच्या पत्रात किंवा वडीलधाऱ्यांना लिहिताना आधी चौकशीच करावी; तिथे कामाचे बोलणे पहिल्या ओळीत आणणे खरोखरच उद्धटपणाचे ठरते.

‘की’ या शब्दामुळे होणारी कोंडी थोडी वेगळी आहे. “महापालिकेने असे कळवले आहे की, उद्या पाणी कमी दाबाने येईल” या वाक्यात सांगणारा आधी आणि बातमी नंतर येते. मराठीची दुसरी, घरगुती रीत याच्या उलट आहे: “उद्या पाणी कमी दाबाने येईल, असे महापालिकेने कळवले आहे.” येथे बातमी तोंडाशी येते आणि ती कोणी दिली हे ‘असे’ला धरून मागून येते. कोणती रीत कुठे वापरायची, हे वाचणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावे. पाण्याच्या सूचनेत बातमी महत्त्वाची आहे. न्यायालयाच्या निर्देशाबद्दल लिहिताना मात्र निर्देश कोणाचा आहे यावर त्याचे सगळे वजन अवलंबून असते, तेव्हा न्यायालयच आधी यावे. मला खटकते ती “हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की” अशी सुरुवात. तिच्यात बातमीही नाही आणि बातमी देणाराही नाही. ती काढून टाकली तर पुढचे वाक्य जसेच्या तसे उभे राहते, हे कोणीही करून पाहावे.

नोकरीच्या अर्जात ही जागा ‘मी’ अडवतो. “मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. मी लेखा विभागात काम केले आहे. मला टॅली येते. मी आपल्या संस्थेत काम करण्यास इच्छुक आहे.” अर्ज कोणाचा आहे, हे वाचणाऱ्याला नावावरून ठाऊकच असते, आणि ‘करते’, ‘शिकले’, ‘पाहत होते’ ही क्रियापदे बोलणारी कोण हे स्वतःच सांगतात. म्हणून तोंडाची जागा कामाला द्यावी: “लेखा विभागात चार वर्षे काम करत आहे. दरमहाची विवरणपत्रे आणि वर्षअखेरचा ताळेबंद टॅलीमध्ये तयार करते.” सगळेच ‘मी’ काढू नयेत. जिथे इतरांपेक्षा वेगळे काही आपण केले असेल, तिथे तो ठेवावा. एकटा असला की तो उठून दिसतो.

जोडवाक्यांबाबत एवढेच म्हणेन की जर–तर, जेव्हा–तेव्हा, ज्या–त्या या जोड्या मराठीने वाक्याच्या तोंडासाठीच घडवल्या आहेत, आणि “सभासदांनी अर्ज भरावा ज्यांना पार्किंग हवे आहे” असे लिहिणारा माणूस घरी “ज्यांना चहा हवाय त्यांनी हात वर करा” असेच म्हणत असतो. वाक्य ‘पण’ किंवा ‘आणि’ने सुरू करू नये, हा शाळेतला दंडक मात्र मी मानत नाही. आधीचे म्हणणे पुरते मांडून झाल्यावर त्याला छेद द्यायचा असेल, तर पूर्णविरामानंतरचा ‘पण’ स्वल्पविरामानंतरच्या ‘पण’पेक्षा अधिक ठामपणे उभा राहतो.

मोबाइलने या सगळ्याला नवी धार आणली आहे. संदेश उघडण्यापूर्वी पडद्यावर त्याचे मोजकेच शब्द दिसतात, आणि लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभा असलेला माणूस तेवढ्यावरच ठरवतो की हा आता उघडायचा की उतरल्यावर. “नमस्कार सर, आशा आहे की आपण कुशल असाल” यातच ते शब्द संपतात. “नमस्कार सर, उद्याची बैठक ११ ऐवजी ३ वाजता आहे” यात नमस्कारही राहिला आणि सरांची धावपळही वाचली.

मसुदा हातावेगळा करण्यापूर्वी मी प्रत्येक वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द पेन्सिलने अधोरेखित करते आणि तेवढेच वरून खाली वाचत जाते. “येत्या रविवारी… त्या वेळेत… हे काम…” असे काही दिसले, तर मजकूर बहुधा चालता असतो. “तसेच… तसेच… त्याचप्रमाणे… याशिवाय… तसेच…” अशी रांग लागली, तर लिहिणाऱ्याने मुद्दे नुसते एकाखाली एक ठेवले आहेत आणि त्यांचे एकमेकांशी नाते काय हे अजून ठरवलेले नाही, असे समजावे. त्या ‘तसेच’ खोडून चालत नाही. त्यांतला कोणता ‘म्हणून’ आहे, कोणता ‘तरीही’ आहे आणि कोणता मुद्दा मुळात याच पत्रात नको होता, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते, आणि तेवढ्यासाठी मसुदा पुन्हा त्याच्या टेबलावर जातो.