चतुराचा चेहरा आणि पंचवीस फ्रेम

चतुर या किड्याचा (ड्रॅगनफ्लाय) अख्खा चेहरा एका क्लिकमध्ये शार्प मिळावा म्हणून मी सुरुवातीला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफ/२२ पर्यंत बंद करायचो. डेप्थ (फोकसमध्ये येणारी खोली) वाढायची, पण डोळ्यांतले षटकोनी कप्पे पुसट व्हायचे. कारण १:१ मॅग्निफिकेशनला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा, प्रत्यक्षातला एफ-आकडा दुप्पट होतो: एफ/२२ लावलं तर लेन्स एफ/४४ सारखी वागते आणि डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून प्रकाशाचं पसरणं) सगळा तपशील खातं. आता एफ/८ वर थांबतो आणि चेहरा थरांमध्ये टिपतो: दर फ्रेमला फोकस थोडा पुढे, आणि शेवटी हा सगळा स्टॅक जोडून एक फोटो.

वेळ सूर्योदयाच्या आधीची. गार हवेत चतुर गवताच्या काडीला लटकून निपचित असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, त्याखाली फोकस रेल (कॅमेरा बारीक-बारीक पुढे सरकवणारी पट्टी), लेन्स १०० मिमीची. एवढ्या लेन्सने १:१ ला पुढे साधारण १३–१४ सेंमी जागा उरते. ५० मिमीच्या लेन्सला एक्स्टेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्समधली पोकळ नळी) लावूनही १:१ मिळतं, पण मग काच किड्याच्या तोंडाशी जाते आणि लेन्सची सावली पडते.

काडी हलते, हीच खरी डोकेदुखी. झुळूक म्हणावी एवढाही वारा नसताना ती एक मिलिमीटर डुलते, आणि आपली डेप्थ जेमतेम तेवढीच. काडीला खालच्या बाजूला, किड्यापासून दूर, चिमटा लावून तो जमिनीत रोवलेल्या काठीला बांधतो. काडी तोडून सोयीच्या जागी न्यायची नाही. दवाने जड झालेल्या किड्याला पळताही येत नाही.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही मॅन्युअल. ऑटोवर ठेवलं तर फ्रेमागणिक रंग सरकतो आणि जोडलेल्या फोटोत पट्टे उमटतात. आयएसओ २००, इलेक्ट्रॉनिक शटर, दोन सेकंदांचा टायमर. चेहऱ्याच्या सर्वांत पुढच्या केसाच्याही थोडं अलीकडे सुरू करून दर फ्रेमला रेल पाव मिलिमीटर पुढे. डोक्याची खोली पाच मिलिमीटर धरली तर वीस फ्रेम होतात. मी पंचवीस घेतो. मध्ये एक थर सुटला तर डोळ्यावर धूसर कडं राहतं आणि ते नंतर कशानेही भरत नाही.

घाई करायची वेळ चतुर स्वतःच सांगतो. उडायचे स्नायू तापवायला तो पंख थरथरवू लागला की नवा स्टॅक सुरू करण्यात अर्थ नाही. त्याआधी पुढच्या पायाने डोळे पुसतो, तेव्हाच्या फ्रेममध्ये पायाची भुताटकी छाया येते. तेवढ्या फ्रेम वगळून शेजारच्या पुरतात का, ते आधी पाहतो.

वारा सुटला की रेल बाजूला ठेवून फ्लॅशवर येतो: १/१६ पॉवर, १/२०० शटर. फ्लॅशचा झटका इतका छोटा की हालचाल गोठते. पण डिफ्यूझर (फ्लॅशचा प्रकाश मऊ करणारा पडदा) किड्याच्या अगदी जवळ आणि मोठा हवा. तो लहान असेल तर चतुराच्या गोल डोळ्यांवर पांढरे ठिपके जळतात.

फ्रेमची जोडणी झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये. त्यात जोडायच्या दोन पद्धती वापरतो. पीमॅक्स पद्धत चेहऱ्यावरचे एकमेकांवर आलेले केस सुरेख सोडवते, पण नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) वाढवते. डीमॅपमध्ये डोळ्यांचे रंग खरे राहतात, केसांभोवती मात्र हेलो (धूसर कडा) येतो. दोन्ही काढतो, आणि डीमॅपच्या चित्रावर फक्त केसांचा भाग पीमॅक्समधून रंगवून घेतो.